चूक खेळाडूची, मग भिंत का वाढवली?

मा. संपादक,

गेल्या जानेवारीत आम्ही घरचे सगळे मनालीला गेलो होतो. सोलांगला पुतण्याला स्की करायचं होतं, तर तिथल्या माणसाने बूट दिले, काठ्या दिल्या आणि एका कागदावर सही घेतली की काही झालं तर जबाबदारी तुमची. हेल्मेट मागितलं तर म्हणाला छोटा उतार आहे, लागत नाही. नशिबाने काही झालं नाही, पण तो कागद अजून डोक्यातून जात नाहीये.

कारण मला २०१० चं व्हँकुव्हर ऑलिंपिक आठवतं. आपला शिव केशवन ल्यूजमध्ये, म्हणजे बर्फाच्या ट्रॅकवरून छोट्या घसरगाडीवर उताणं झोपून खाली येण्याच्या शर्यतीत, उतरणार होता म्हणून मी रोज बातम्या बघत होतो. १२ फेब्रुवारीला, उद्घाटनाला काही तास असताना, जॉर्जियाचा ल्यूज खेळाडू नोदार कुमारिताश्विली सरावात मरण पावला, वय २१. शेवटच्या वळणावर ताशी १४० किलोमीटरच्या वरच्या वेगात ट्रॅकबाहेर फेकला गेला आणि कडेच्या लोखंडी खांबावर आदळला, त्या खांबाला साधी गादीसुद्धा बांधलेली नव्हती. आंतरराष्ट्रीय ल्यूज फेडरेशनने लगेच सांगून टाकलं की ट्रॅकमध्ये दोष नाही, पोरगा १५व्या वळणातून उशिरा बाहेर पडला आणि पुढे त्याला सावरता आलं नाही. आणि मग लगोलग तिथली भिंत उंच केली, बर्फाचा आकार बदलला, पुरुषांचा स्टार्ट खाली महिलांच्या स्टार्टवर आणला. दोष नव्हता तर हे सगळं कशासाठी?

चूक झाली असेल, मी नाही म्हणत नाही. पण एवढ्या वेगात कुणाची तरी चूक होणारच, आणि चुकलेला माणूस भिंतीच्या आत राहील हे बघणं ट्रॅक बांधणाऱ्याचं काम आहे, त्या पोराचं नाही.

आमच्या लालबाग-परळमध्ये दहीहंडीला हेच ऐकत आलोय. थर कोसळला की पहिलं वाक्य, पाय घसरला. अहो, वरून पाणी मारताय, पाय घसरणारच ना, म्हणून तर वरच्या गोविंदाला दोरी आणि हेल्मेट पाहिजे, खाली गाद्या पाहिजेत, आणि ज्याने लाखांचं बक्षीस लावलंय त्याने हे आधी बघायला पाहिजे. १४ वर्षांखालच्या पोरांना थरात चढवायचं नाही असं ठरलं तेव्हा आमच्या पथकातले जुने लोक चिडले होते, मीपण चिडलो होतो. आज मला ते बरोबर वाटतं.

आता परत मनाली-गुलमर्गचं बुकिंग सुरू होईल. दादर-ठाण्यातल्या टूरवाल्यांनी नाश्ता, जेवण, हॉटेल सगळं छापावं, पण स्कीचं सामान कोण तपासतं, हेल्मेट मिळणार का, कुणी पडलं तर जवळचं हॉस्पिटल किती लांब हेही त्याच कागदावर छापावं. आणि आईवडिलांना सांगणं, हेल्मेट नसेल तर पोराला उतारावर सोडू नका, भरलेले पैसे गेले तर जाऊ देत.

– एक वाचक, लालबाग, मुंबई