अठरा पूर्ण झाले, आता राहायचं कुठे?

संपादक साहेब, बालगृहातल्या मुलांना १८ पूर्ण झाले की बाहेर पडावं लागतं, आपल्या घरातली त्याच वयाची पोरं तर अजून आईकडे डबा मागतात. २०१५च्या बाल न्याय कायद्यात २१ वर्षांपर्यंत मदतीची सोय आहे, पण ती पोचते किती जणांपर्यंत? राज्याने २०१८ला अनाथांना नोकरीत १ टक्का आरक्षण दिलं ते चांगलंच केलं, पण नोकरी लागेपर्यंत राहायचं कुठे, रूमचं डिपॉझिट कोण भरणार आणि घरमालकाला ओळख म्हणून कोणाचं नाव सांगायचं?? मुलींचे तर फारच हाल. अनाथ प्रमाणपत्र, आधार, बँक खातं हे सतराव्या वर्षीच हातात द्या आणि प्रत्येक जिल्ह्यात मुलींसाठी वेगळं अनुरक्षण गृह, म्हणजे अठरानंतर राहायची सोय, काढा.

– एक वाचक, सातारा