चर्चापानावरच्या ताईंना, मनापासून

ताई,

सप्रेम नमस्कार.

तुमचं सदस्यनाव मी इथे लिहीत नाही. तुम्हाला ते आवडणार नाही, आणि मराठी विकिपीडियावर ज्यांनी तुमच्यासोबत चार ओळी लिहिल्या आहेत ते तुम्हाला नावावाचूनही ओळखतील. पत्र मात्र सगळ्यांसमोर लिहितोय. लेख वाचणारे पुष्कळ असतात, पण चर्चापान, म्हणजे लेखात काय कसं लिहावं यावर संपादक जिथे बोलतात ते लेखामागचं पान, उघडून बघणारे फार थोडे. डॉ. जयंत नारळीकरांवरचा लेख नीट व्हावा म्हणून तुम्ही त्या पानावर जे कष्ट घेतलेत ते कुणाच्या नजरेला पडणार नाहीत, याची मला रुखरुख होती.

२० मे २०२५ ला नारळीकर गेले. आमच्या पिढीला विज्ञानाची गोडी लावणारा माणूस गेला. मी शाळेत विज्ञान शिकवतो आणि त्यांच्या कथा वर्गात वाचून दाखवतो, त्यामुळे आपणही त्या लेखासाठी काहीतरी करावं असं वाटून धूळपाटीवर, म्हणजे विकिपीडियावरच्या कच्च्या मसुद्याच्या पानावर, लिहायला बसलो. तसंच वाटणारे आणखीही बरेच जण होते. लेखात श्रद्धांजलीची वाक्यं येऊन पडू लागली. कुणी त्यांना ऋषी म्हणत होतं, कुणी आधुनिक आर्यभट. ज्ञानकोशात ही वाक्यं राहू शकत नाहीत, तेव्हा कुणीतरी ती काढणार हे ठरलेलं होतं. ती तुम्ही काढलीत, पण नुसती उलटवून, म्हणजे लेख आधीसारखा करून, मोकळ्या झाला नाहीत. प्रत्येक वाक्यातला माहितीचा कण वेचून चर्चापानावर मांडलात आणि लिहिणाऱ्याला विचारलंत, "हा पुरस्कार मिळाला हे बरोबर आहे, साल आणि संदर्भ देता का? लगेच लेखात घेऊ." आपल्या माणसाच्या जाण्याचं दुःख झालेल्या लोकांना तुम्ही कामाला लावलंत. १९९६ चा युनेस्कोचा कलिंग पुरस्कार आणि २०१४ चा साहित्य अकादमी पुरस्कार असेच संदर्भासकट लेखात बसले.

नावामागचं 'डॉ.' आणि 'सर' काढण्यावरून केवढी नाराजी झाली होती! तेव्हा तुम्ही दाखवून दिलंत की मराठीत 'ते म्हणाले', 'त्यांनी लिहिलं' यातच मान राखलेला आहे, तो कुणीही काढलेला नाही आणि काढणारही नाही. त्यानंतर त्या विषयावर पुन्हा कुणी बोललं नाही.

खरी कसोटी होती ती लेखातल्या विश्वशास्त्राच्या, म्हणजे विश्वाची उत्पत्ती आणि रचना यांवरच्या, विभागाची. त्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण मी सगळ्यात जास्त शिकलो ते तिथे.

नारळीकरांचे केंब्रिजमधले गुरू फ्रेड हॉइल. हर्मन बाँडी, थॉमस गोल्ड आणि हॉइल यांनी १९४८ साली स्थिर स्थितीचा सिद्धान्त मांडला: विश्वाला आरंभ नाही, ते प्रसरण पावतं आणि नवं द्रव्य सतत निर्माण होत राहतं. १९६४ साली हॉइल आणि नारळीकरांनी गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धान्त मांडला, त्याचा गाजावाजा झाला आणि १९६५ मध्ये वयाच्या सव्विसाव्या वर्षी नारळीकरांना पद्मभूषण मिळालं. त्याच १९६५ मध्ये पेन्झियस आणि विल्सन यांनी आकाशाच्या सर्व दिशांकडून येणाऱ्या सूक्ष्मलहरींचा शोध प्रसिद्ध केला. विश्वाचा आरंभ एका महास्फोटातून झाला असं मानणाऱ्यांना त्या लहरी म्हणजे त्या आरंभाची उरलेली खूण वाटली. त्यानंतर बहुतेक शास्त्रज्ञ महास्फोटाच्या बाजूला गेले, नारळीकर गेले नाहीत. १९९३ साली हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह त्यांनी स्थिर स्थितीच्या प्रतिमानाचं, म्हणजे विश्वाच्या त्या कल्पनेचं, सुधारलेलं रूप मांडलं. त्यात एकच महास्फोट नाही, द्रव्यनिर्मितीच्या लहान लहान घटना पुन्हा पुन्हा घडतात, आणि सूक्ष्मलहरी म्हणजे ताऱ्यांचाच प्रकाश, अवकाशातल्या लोखंडाच्या सुईसारख्या बारीक कणांनी शोषून पुन्हा सोडलेला.

आता हे चरित्रात कसं लिहायचं? एक सदस्य लिहीत होते की नारळीकरांनी महास्फोट खोटा पाडला. दुसरे लिहीत होते की ते जन्मभर एका मोडीत निघालेल्या कल्पनेला चिकटून राहिले. दोघंही आपापल्या परीनं प्रामाणिक होते. एकाला अभिमान होता, दुसऱ्याला विज्ञानाची चाड होती. दोघांनी एकमेकांची संपादनं उलटवायला सुरुवात केली तेव्हा तुम्ही मध्ये पडलात, पण अर्धं तुझं, अर्धं माझं असा सौदा केला नाहीत. तुम्ही विचारलंत, "ते नेमकं काय म्हणाले होते हे आपण अजून लिहिलेलंच नाही. आधी ते लिहू या का?"

मग परिच्छेद उभा राहिला. आधी त्यांचं म्हणणं, त्यांच्या बाजूनं जितकं भक्कम मांडता येईल तितकं. नंतर आक्षेप, तोही नावानिशी आणि कारणासह. १९८९ मध्ये सोडलेल्या कोबे उपग्रहाच्या मोजमापांत त्या सूक्ष्मलहरींचा वर्णपट, म्हणजे कोणत्या लांबीच्या लहरी किती आहेत ते, एकाच तापमानाच्या उष्ण वस्तूचा असावा इतका निर्दोष निघाला, की ताऱ्यांच्या प्रकाशापासून तो मिळवणं फार अवघड झालं. अमेरिकेतले खगोलशास्त्रज्ञ नेड राइट यांनी या प्रतिमानावर छापील टीका केली होती, ती घेतली. आणि शेवटी आज त्या क्षेत्रात काय मानलं जातं ते एका वाक्यात: बहुसंख्य विश्वशास्त्रज्ञांनी हे प्रतिमान स्वीकारलेलं नाही. ना विशेषण, ना हळहळ. जागाही तुम्ही नेमून दिलीत. हा भाग 'वाद' असं वेगळं दुकान थाटून लेखाच्या तळाशी न टाकता त्यांच्या संशोधनाच्या ओघातच ठेवलात, कारण ते त्यांचं संशोधनच होतं.

हा परिच्छेद मी वर्गात वाचून दाखवला. एका मुलीनं विचारलं, "सर, मग ते हरले का?" त्या प्रश्नावर उरलेला तास गेला. पुरावा म्हणजे काय, बहुमतानं विज्ञान ठरतं का, आणि नसेल ठरत तर बहुमत सांगायचं कशाला. लेखात 'खोटा पाडला' किंवा 'मोडीत निघालेली' असं काही असतं तर तो प्रश्न तिला पडलाच नसता. नारळीकर स्वतः मुलांना नुसती सही देत नसत. प्रश्न पोस्टकार्डावर लिहून पाठवा, उत्तराखाली सही येईल, असं सांगत. त्यांच्यावरचा लेख वाचून मुलांना प्रश्न पडावा यापरता दुसरा मान कोणता?

१९७२ चा मुद्दा माझ्या मसुद्यात होता. त्या वर्षी हॉइल यांनी केंब्रिज सोडलं आणि त्याच वर्षी नारळीकर मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. दोन्ही गोष्टी खऱ्या, दोन्हींना संदर्भ. आणखी एक सदस्य तिथेच परदेशातल्या वैभवावर पाणी सोडून मातृभूमीच्या सेवेसाठी परतल्याचं लिहू पाहत होते. तुम्ही दोन्हीकडे सारखंच बोट ठेवलंत: दोन खऱ्या गोष्टी शेजारी ठेवल्या की वाचक तिसरी गोष्ट, म्हणजे गुरू गेले म्हणून शिष्य परतला, आपोआप समजून घेतो, आणि त्या तिसरीला संदर्भ कुठे आहे? तेव्हा लेखात उरलं ते '१९७२ मध्ये भारतात परतले' इतकंच, आणि त्यांनी स्वतः याबद्दल जे लिहून ठेवलंय ते त्यांच्या नावावर. मेलेला माणूस खुलासा करायला येत नाही, म्हणून त्याच्या मनात शिरून लिहायचं नाही, हे तुम्ही किती सौम्यपणे सांगितलंत.

'कृष्णविवर' कथेचा किस्साही असाच. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या स्पर्धेत त्यांनी ही कथा 'नारायण विनायक जगताप' या नावानं पाठवली, म्हणजे स्वतःच्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून, आणि तिला पहिलं बक्षीस मिळालं. आपल्या नावाचा दबाव परीक्षकांवर पडू नये म्हणून हे केलं, असं त्यांनीच सांगितलेलं. किती गोड हकीकत! सगळ्यांना ती लेखात हवी होती. तुम्हीही ती ठेवलीत, पण मांडणी अशी केलीत की स्पर्धा, नाव आणि बक्षीस ही घटना म्हणून येतील आणि हेतू 'त्यांनी आत्मचरित्रात लिहिल्याप्रमाणे' म्हणून येईल. तीन शब्दांनी किस्सा जराही फिका झाला नाही, आणि कोण काय सांगतंय ते वाचकाला कळलं.

फलज्योतिषाच्या चाचणीचा परिच्छेद तुम्ही वाचवलात त्याबद्दल वेगळे आभार. २००८ साली नारळीकर, नरेंद्र दाभोलकर आणि सहकाऱ्यांनी दोनशे मुलांच्या पत्रिका गोळा केल्या, शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या. ज्योतिषांना पत्रिकेवरून मूल कोणत्या गटातलं ते ओळखायला सांगितलं. सत्तावीस जणांनी प्रत्येकी चाळीस पत्रिकांची उत्तरं पाठवली आणि सरासरी ४६ टक्के बरोबर आली, म्हणजे नाणेफेकीहून बरी नाहीत. काहींना हा भाग नकोच होता, लोक दुखावतील म्हणून. काहींना 'ज्योतिष कायमचं गाडलं' असं हवं होतं. तुम्ही म्हणालात, आकडे आणि पद्धत लिहा, भाग घेणारे किती होते तेही लिहा, निष्कर्ष त्यांच्या शोधनिबंधाच्या शब्दांत द्या आणि थांबा. मला विचाराल तर त्या परिच्छेदाइतका निर्भय परिच्छेद लेखात दुसरा नाही.

ही काळजी कुठून आली हेही तुम्ही मला समजावलंत. २००५ साली इंग्रजी विकिपीडियावर जॉन सिगेनथेलर या अमेरिकी पत्रकाराच्या चरित्रात कुणीतरी खोटंच लिहिलं की अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या हत्येत त्यांचा हात असल्याचा संशय होता. ते चार महिन्यांहून जास्त काळ तसंच राहिलं. त्या प्रकरणानंतर जिवंत व्यक्तींच्या चरित्रांचे नियम कडक झाले, आणि नुकत्याच गेलेल्या माणसालाही त्यांचं संरक्षण काही काळ मिळतं, कारण घरची माणसं मागे असतात. घरगुती तपशील, आजारपण, नातवंडं यातलं काय गाळायचं यावर तुम्ही चर्चा करत बसला नाहीत, सरळ गाळलंत. योग्यच केलंत.

आमच्या साताऱ्याजवळ वाईला मराठी विश्वकोशाचं काम झालं. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या हाताखाली नोंदी तपासल्या जात, पुन्हा लिहून घेतल्या जात, आणि पहिला खंड १९७६ ला निघाला. तिथे नोंदीखाली लेखकाचं नाव असतं, मागे संपादक मंडळ असतं. विकिपीडियावर यातलं काही नाही. त्या मंडळाचं काम करायला तुमच्यासारखी माणसं आपणहून पुढे येतात, दिवसभराची नोकरी आणि घर सांभाळून, विनामोबदला. तर्कतीर्थांच्या परंपरेत मी तुम्हाला बसवतो, संकोच करू नका.

जाता जाता कामाचं. नारळीकरांच्या पत्नी मंगला नारळीकर यांच्यावरचा लेख वाढवायला घेतला आहे. सुरुवात तुम्ही सुचवलीत तशीच केली आहे: गणितज्ञ, संख्याशास्त्रातलं नव्हे तर संख्यांच्या सिद्धान्तातलं संशोधन, १९८१ ची पीएच.डी., मुलांसाठी लिहिलेली गणिताची पुस्तकं. पतीचा उल्लेख त्याच्या जागी, पहिल्या वाक्यात नाही. अडलंय ते २०१९ पाशी. दुसरीच्या बालभारतीच्या पुस्तकात 'त्रेसष्ट'ऐवजी 'साठ तीन' अशा वाचनावरून जो गदारोळ झाला, त्यात त्या गणिताच्या समितीच्या प्रमुख होत्या. मुलांना आकडे लिहितात त्याच क्रमानं वाचता यावेत हे त्यांचं म्हणणं मी पूर्ण दिलं आहे, भाषेचं नुकसान होईल हा आक्षेपही दिला आहे. पण परिच्छेद लांबला आहे, आणि बाईंच्या साऱ्या आयुष्यात एवढी जागा त्या एका वादाला द्यावी का, याचा निर्णय मला एकट्याला घ्यायचा नाही. मजकूर धूळपाटीवर ठेवला आहे. सवडीनं बघा, हवी तशी कात्री लावा.

तुमचा,
साताऱ्याचा एक शिक्षक