अकरा मात्रांचं गाणं

ती. आई-बाबांना,
सा. न.

होळीला घरी आले तेव्हा बाबांशी बोलणं अर्धवट राहिलं, ते आता लिहून पूर्ण करते. मी ऑलमन ब्रदर्स बँड या अमेरिकन रॉक बँडचा ‘ॲट फिल्मोर ईस्ट’ हा अल्बम लावला होता. दोन मिनिटांत बाबा म्हणाले, “नुसती आदळआपट आहे ही.” तेवढ्यात आईने पानं घेतली आणि विषय मिटला. माझ्या मनातून तो गेला नाही.

बाबा, लहानपणी तुम्ही मला सिव्हिल लाइन्सला, देशपांडे सभागृहात मैफलींना न्यायचात. मी पेंगायला लागले की तळहातावर टिचकी मारायचात, “सम बघ, सम.” त्याच कानांनी हे ऐका. हीही मैफलच आहे. मार्च १९७१, न्यूयॉर्कचं फिल्मोर ईस्ट सभागृह, समोर श्रोते.

थेट शेवटचं ‘व्हिपिंग पोस्ट’ लावा. श्रोत्यांतून फर्माईश येते आणि बेरी ओकलीची बेस गिटार एकटीच सुरू होते. मांडीवर मोजा: तीन, तीन, तीन, दोन. अकरा! तुमच्या रुद्र तालाइतक्या मात्रा. गाणं लिहिणाऱ्या ग्रेग ऑलमनलाही ही सुरुवात अकरात आहे हे ठाऊक नव्हतं, ते थोरल्या भावाने, बँडमध्ये गिटार वाजवणाऱ्या ड्वेनने त्याला सांगितलं. १९६९च्या स्टुडिओतल्या अल्बमवर हेच गाणं जेमतेम पाच मिनिटांचं आहे. इथे ते तेवीस मिनिटं चालतं. मधेच सगळं इतकं शांत होतं की गाणं संपलं असं वाटावं, आणि तिथून ते पुन्हा चढत जातं. बंदिश चार ओळींची आणि राग तासभर, हे मला तुम्हीच शिकवलंत ना?

आई, तुझं म्हणणं की इंग्रजी शब्द कळत नाहीत. मग तू ‘इन मेमरी ऑफ एलिझाबेथ रीड’ ऐक, त्यात शब्दच नाहीत. बँडचा दुसरा गिटारवादक डिकी बेट्सने हे नाव अमेरिकेतल्या मेकन गावच्या दफनभूमीतल्या एका थडग्यावरून घेतलं. आधी दोन गिटार जोडीने गातात, मग एकेकाची पाळी येते. कोणी कोणावर कुरघोडी करत नाही. मागे दोन ड्रमर आहेत, बुच ट्रक्स आणि जेमो, पण गलका होत नाही.

आणि ड्वेनची मींड! सर्दीच्या गोळ्यांची रिकामी काचेची बाटली बोटात घालून तो ती गिटारच्या तारेवरून सरकवायचा. पहिल्याच ‘स्टेट्सबोरो ब्लूज’मध्ये ऐकू येईल. अल्बम जुलैत आला आणि ऑक्टोबरमध्ये मोटरसायकलच्या अपघातात तो गेला. चोवीस वर्षांचा होता. म्हणून त्या तेवीस मिनिटांत मला मधेच उठवत नाही.

सगळं पेनड्राइव्हवर घालून पाठवते आहे. सकाळी फिरून आल्यावर, कूलर सुरू करायच्या आधी ऐका, नाहीतर त्या घरघरीत बेस बुडून जाईल. आवाज जरा मोठा ठेवा. आणि बाबा, अकरा बरोबर मोजून झाले की लगेच फोन करा, मी ऑफिसात असले तरी.

तुमची,
चिमी