बंड्यास, काकांच्या ट्रान्सफॉर्मरबद्दल

पुणे, रविवार रात्र

प्रिय बंड्या,

फोनच करणार होतो. पण फोनवर तू आधी हसशील आणि मग गप्प होशील, आणि तुझं गप्प होणं मला झेपत नाही. काकांच्या वर्षश्राद्धानंतर एक ओळसुद्धा पाठवली नाही, त्याच्या शिव्या राखून ठेव, या पत्राच्या शिव्यांबरोबर एकदमच घाल. तब्येत बरी. शुगर आहे तिथेच आहे.

काकांचा ट्रान्सफॉर्मर मी जवळजवळ जाळला.

हो, तोच. आपल्या डिप्लोमाच्या प्रोजेक्टचा, २२० व्होल्ट आणि व्हॉल्व्हच्या हीटरसाठी ६.३ व्होल्टचा. तो माझ्या माळ्यावर पडून होता म्हणून वाचला, नाहीतर २०१९ च्या पुरात सांगलीत हरभट रोडवरच्या काकांच्या वाइंडिंगच्या दुकानाबरोबर तोही गेला असता. वाइंडिंग मशीन गेलं, वह्या गेल्या. तू तेव्हा म्हणाला होतास, बाबांच्या हातचं आता तेवढंच उरलं. ते वाक्य गेले पंधरा दिवस डोक्यात बसलंय.

हेडफोनचा व्हॉल्व्ह ॲम्प करतोय. पुढे ईसीसी ८२ हा एक व्हॉल्व्ह, आउटपुटला सिक्स-एन-सिक्स-पी हे दोन, हेडफोन ३०० ओहमचा. आणि सप्लायला व्होल्टेज स्थिर धरणारा रेग्युलेटर. ओरडू नकोस. ‘व्हॉल्व्हला रेग्युलेटर म्हणजे बैलगाडीला पॉवर ब्रेक’ हे तू १९९४ साली सगळ्या वर्गासमोर म्हणाला होतास, मी विसरलेलो नाही. पण स्पीकरमध्ये दडून जाणारा हम हेडफोनमध्ये थेट कानात बसतो. रेक्टिफायरनंतरची ती १०० हर्ट्झची घुमघुम, डास शिरल्यासारखी. ती गाळायला चोकची कॉइल लावली असती, पण आपला चोक तू विकलास, आणि त्या पैशांची मिसळ मी खाल्लेली नाही. सेमिस्टरभर तुझ्याशी बोललो नव्हतो, ते उगाच नाही.

तर कच्चा डीसी ३०० च्या आसपास. पुढे व्होल्टेज आवरणारा ट्रान्झिस्टर, आयआरएफ ८४० मॉसफेट. त्याच्या गेटला, म्हणजे कंट्रोलच्या पायाला, व्होल्टेज बांधून ठेवणाऱ्या झेनर डायोड, दोन शंभरच्या आणि एक चोवीसची, म्हणजे २२४. मॉसफेट चारेक व्होल्ट स्वतःला ठेवून घेतो, बाहेर २२०. तापकीर गल्लीत एका फेरीत सगळं मिळालं. पहिल्या संध्याकाळी मीटरचा काटा २२० वर असा उभा राहिला, की मी घरात सगळ्यांना बोलावून दाखवला. कोणालाच काही वाटलं नाही. तू हवा होतास.

गेट आणि सोर्स, म्हणजे आउटपुटचा पाय, यांच्यामध्ये गेट वाचवायला पंधरा व्होल्टची झेनर लागते, माहीतय. ती पुडीत होती. टेबलावर. म्हटलं उद्या लावू. प्रायमरीचा, म्हणजे मेनच्या बाजूचा, अर्ध्या अँपिअरचा फ्यूज चालू करताच दोनदा उडाला होता. चालू करतानाचा झटका सोसणारा स्लो-ब्लो आणायचा कंटाळा, म्हणून घरात होता तो तीनचा घातला. आणि सिरीज दिवा? काकांचा तो शंभरच्या बल्बचा बोर्ड आठव. आत शॉर्ट असला की बल्ब पेटायचा, वस्तू वाचायची. नवीन काहीही त्या बल्बमधून गेल्याशिवाय ते मेनला हात लावू देत नसत. मी एका दिवसात तिन्ही पापं केली.

प्रोब घसरला. आउटपुट क्षणभर ग्राउंडला टेकलं. गेट २२४ वर, सोर्स शून्यावर, आणि ८४० च्या गेटची ताकद वीस व्होल्टची. मॉसफेट आरपार शॉर्ट. काटा परत वर आला आणि ३०० दाखवायला लागला, आणि मी गाढव, मीटर बिघडला म्हणून दुसरा शोधायला आत गेलो. तेवढ्यात सिलिंडरवाला आला. आउटपुटचा कपॅसिटर २५० चा होता. फट्ट झालं तेव्हा मी सुट्टे मोजत होतो. तो फुटून शॉर्ट झाला आणि सगळा भार ट्रान्सफॉर्मरवर. तीनचा फ्यूज मजेत बसून राहिला. धावत येऊन प्लग उपटला तेव्हा खोलीभर वार्निशचा वास होता. अगदी दुकानाचा वास, बंड्या. ओव्हनमधून माल काढल्यावर यायचा तो. मी घाबरायच्या आधी मला काका आठवले, हे कबूल करतो.

तेव्हापासून मी त्याची नाडी बघतोय. सिरीज दिव्यावर साठचा बल्ब लावून बघितलं, सेकंडरी, म्हणजे आउटपुटची बाजू, मोकळी ठेवून. बल्ब पेटत नाही, म्हणजे आतले टर्न, तारेचे वेढे, एकमेकांत शॉर्ट नसावेत. सोसायटीच्या वायरमनचा मेगर, इन्सुलेशन मोजायचा मीटर, मागून आणला: प्रायमरी ते सेकंडरी वीस मेगओहम. चालतं म्हणायला चालतं. पण आधी किती होतं? मोजलंच नव्हतं कधी. दोन तास नुसता चालवला तर हात ठेववतो इतपत तापतो. पूर्वीही तापायचा का? तुला आठवतं? आणि आता तो गुणगुणतो. वार्निश मऊ होऊन गाभ्याच्या पत्र्यांचं स्टॅम्पिंग सैल झालं असणार. बोल्ट आवळले, थोडा कमी झाला. गंमत म्हणजे नव्या मॉसफेटवर हेडफोन आता ठार शांत आहे. कानावरून काढला की टेबल गुणगुणतं.

इथला वाइंडिंगवाला म्हणतो, जुनं वाइंडिंग कापून काढू, नव्या बॉबिनवर नवी तार गुंडाळू. पण मग काकांचं काय उरलं, फक्त लोखंड? वरच्या कागदावर त्यांच्या पेन्सिलीतलं ‘११५०’ अजून दिसतं, मेनच्या २३० ला व्होल्टमागे पाच टर्न. दुसरं म्हणजे तो शेल्फवर ठेवून नवा गोल कड्याचा टोरॉइड ट्रान्सफॉर्मर आणायचा. तिसरं, आहे तसाच चालवायचा. पण आतला कागद करपला असला, तर एखाद्या रात्री तो खरंच जाईल. मला चालवावासा वाटतोय. पण वस्तू तुझी आहे, मी नुसता सांभाळत होतो. तू सांग. नाहीतर बडोद्याहून येच. ये आणि स्वतः वास घेऊन बघ.

वहिनींच्या बदलीचं काय झालं? अन्वीला इंजिनिअरिंग नको असेल तर मागे लागू नकोस. गुडघ्याचं दाखवलंस का?

तुझा,
सुऱ्या

ता. क. पंधराची झेनर लावली. अर्ध्या अँपिअरचे स्लो-ब्लो दहा आणून ठेवलेत.