आयी म्हणजे आई नव्हे

शांघाय

ती. आई-बाबांना सा. न.

रविवारी फोन तुटला तो नेमका नको तिथे. तुमच्याकडे वीचॅट बंद, आमच्याकडे व्हॉट्सॲप. व्हीपीएन लावून बोलायचं तर ते असंच दगा देतं. म्हणून हे पत्र.

आई, धाकटा ज्यांच्याकडे ‘आयी, आयी’ करत झेपावला, त्या मी कामावर गेले की त्याला सांभाळतात. चिनीत ‘आयी’ म्हणजे मावशी. आपण घरात कामाला येणाऱ्या बाईंना मावशी म्हणतो ना, तस्संच. तुझा चेहरा पडलेला दिसला आणि लगेच स्क्रीन काळी झाली. खरं सांगू, पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझाही पडला होता. आता सवय झाली. म्हणजे, अर्धी.

थोरलीची वेगळीच तऱ्हा. बालवाडीच्या पहिल्या दिवशी घरी येऊन म्हणते, “सगळी मुलं मामासाठी रडत होती. त्यांचे मामा कुठे गेले?” इथे आईलाच ‘मामा’ म्हणतात. बाबा मात्र बाबाच, त्यामुळे तुमचे जावई खूश.

निघताना तू म्हणाली होतीस, एवढी लहान पोरं घेऊन परमुलखात, विचारणारं कोणी नाही. अगं, विचारणारेच फार आहेत! आई-बाप कामावर आणि नातवंडं आजी-आजोबांकडे, असं इथे घरोघरी. खालची बाग सकाळपासून त्यांनीच भरलेली असते. परवा धाकट्याचा एक मोजा कुठेतरी गळून पडला, तर लिफ्टपासून फाटकापर्यंत तीन आज्यांनी मला अडवलं. “लंग, लंग!” म्हणजे थंडी. एकीने तर वाकून त्याचा तळवा दोन्ही हातांत धरून चोळला आणि आपल्या नातवाच्या पिशवीतला मोजा काढून चढवला. एक पाय निळा, एक पिवळा. मग माझ्याकडे बघून जे काही बोलली त्यातला शब्द कळला नाही, पण सूर ओळखीचा होता. तुझाच.

थंडीचं त्यांचं खरंच आहे म्हणा. उत्तरेकडे सरकारी व्यवस्थेतून घरं तापवतात, शांघायला ती सोय नाही. ओली थंडी, घरातसुद्धा हाडांत शिरते. कानटोप्या विणायला घे.

बाबा, पाण्याची काळजी नको. नळाचं पाणी इथे उकळूनच पितात, हॉटेलातही गरम पाणी मिळतं. तुमच्या सकाळच्या कोमट पाण्याला इथे कोणी हसणार नाही. न्याहारीला भाताची पेज असते, ‘चोउ’ म्हणतात. धाकटा वाटीभर संपवतो. मूग कुठेही मिळतात, तूरडाळ मात्र शोधावी लागते. मेतकूट संपलं.

आणि एक. आम्ही तुमच्यापेक्षा अडीच तास पुढे. तुम्ही जेवून आठला फोन करता तेव्हा इथे साडेदहा झालेले असतात, पोरं गाढ झोपलेली. ती तुम्हाला टाळत नाहीत. दुपारी चारला करत जा, बाबांच्या चहाच्या वेळेला. आयी सहाला घरी जातात.

तुमची लेक