मंत्रीसाहेब, मुदत वाढवणार नाही हे वेळेवर सांगायची तरी सक्ती करा

मा. गृहनिर्माण मंत्री, महाराष्ट्र राज्य, सप्रेम नमस्कार.

साहेब मी पुण्यात कोथरूडला भाड्याने राहतो, चार वर्षांत चार अ‍ॅग्रीमेंट झाली, दरवेळी 11 महिन्यांचं लिव्ह अँड लायसन्स (म्हणजे घरात राहायची नुसती परवानगी), दरवेळी भाडं वाढलं आणि एकदाही हप्ता चुकवला नाही. यावेळी मुदत संपायला 12 दिवस राहिले तेव्हा घरमालकांचा व्हॉट्सअ‍ॅप आला, "रिन्यू करायचं नाहीये, मुलगा येतोय राहायला". येऊ दे की, घर त्यांचंच आहे, त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. पण मुलगा काय त्या 12 दिवसांत ठरवून येतोय का? मला दोन महिने आधी सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? लेकीची वार्षिक परीक्षा सुरू आहे आणि आम्ही दोघं रोज संध्याकाळी एजंटच्या मागे जिने चढतोय.

आता कायदा बघा. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम 24 म्हणतं की मुदत संपली की लायसन्सीने, म्हणजे अशा परवानगीवर राहणाऱ्याने, घर रिकामं करायचं, नाही केलं तर दुप्पट भाड्याने नुकसानभरपाई. ठीक आहे, भाडेकरू घर बळकावतात ही भीती खोटी नाही, जुन्या वाड्यांचे खटले पुण्यात कोणाला माहीत नाहीत. पण मी एक दिवस उशीर केला तर दुप्पट, आणि मालकाने वेळेत सांगितलंच नाही तर त्याला काय? काहीच नाही. आमच्या अ‍ॅग्रीमेंटमध्ये मधेच सोडायचं तर एक महिन्याची नोटीस आहे, मुदत संपताना मात्र कोणी कोणाला काही सांगायचं बंधन नाही, तारीख कागदावर आहे ना, झालं.

आणि खर्च, नव्या घराचं डिपॉझिट आज द्यायचं, जुनं मिळणार "रंगकाम बघून", वर एजंटला एक महिन्याचं भाडं, टेम्पो, पुन्हा नोंदणी, पुन्हा पोलीस व्हेरिफिकेशन. केंद्राने 2021 मध्ये आदर्श भाडेकरू कायदा मंजूर करून राज्यांकडे पाठवला, त्यात राहत्या घराचं डिपॉझिट जास्तीत जास्त दोन महिन्यांचं आणि मालकाने घर ताब्यात घेतानाच ते परत करायचं असं आहे. निदान एवढं तरी उचला की.

माझी मागणी एकच, रिन्यू करायचं नसेल तर 60 दिवस आधी लेखी कळवायचं आणि नाही कळवलं तर तेवढे दिवस जुन्याच भाड्याने राहू द्यायचं. नोंदणी ऑनलाइन होतेच, मग मुदत संपायच्या आधी दोघांनाही सरकारकडून एक एसएमएस जायला काय हरकत आहे?

उत्तर पाठवणार असाल तर जरा लवकर पाठवा, पत्ता 9 दिवसांनी बदलतोय.

आपला,
कोथरूडचा एक लायसन्सी (कायद्याने मी भाडेकरूसुद्धा नाही)