रात्री अडीचला उपयोगी पडेल असे काही

सोलापूर,
संक्रांतीनंतरचा दुसरा रविवार

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि सोबत पाठवलेली, तुमच्या मानसिक आरोग्याच्या अ‍ॅपच्या पडद्यांची सव्वीस छापील पाने मिळाली. दिवसभर चादरीची नक्षी काढायची आणि रात्री तुझी पाने वाचायची, असा या आठवड्यात माझा क्रम होता. होम मैदानावर गड्ड्याची यात्रा अजून चालू असल्यामुळे पाळण्यांचा आणि भोंग्यांचा आवाज उशिरापर्यंत घरात येतो. त्या आवाजात वाचल्याने माझा एक फायदा झाला. तुझे लेखन शांत खोलीत बसलेल्या माणसासाठी आहे, हे मला दुसऱ्याच रात्री जाणवले.

मनाने खचलेला माणूस हे साधन हातात धरील का, असे तू विचारले आहेस. मी डॉक्टर नाही. मी स्वतः त्या आजारातून गेलो आहे आणि गेली तीन वर्षे दर रविवारी पूर्व भागातील एका लहानशा समुपदेशन केंद्रात मदतीला बसतो, एवढाच माझा अधिकार आहे, आणि तेवढ्यावरच हे पत्र लिहितो आहे.

आमच्या धंद्यात आलेख कागदावरची नक्षी कितीही देखणी असली तरी तिच्यावर कोणी भरवसा ठेवत नाही. नक्षीप्रमाणे जकार्डच्या कार्डांना भोके पाडून ती मागावर चढवल्यावर पहिले हातभर कापड विणून बाहेर येते, तेव्हाच धागा कोठे तुटतो ते समजते. तुझी सव्वीस पाने अजून कागदावरच आहेत. झोप पूर्ण झालेल्या, चहा घेतलेल्या माणसाला ती आवडतील, पण धागा तुटण्याची जागा रात्री अडीच वाजताची आहे.

२०२१ च्या पावसाळ्यातील ती रात्र तुला आठवत असेल, पण माझ्या बाजूने ती कशी होती हे मी तुला कधीच सांगितले नाही. समोरच्या कॅलेंडरवर कोणता वार आहे हे तीनदा वाचूनही मला उमगत नव्हते. अक्षरे दिसत होती, पण वाक्याच्या शेवटी पोहोचेपर्यंत त्याची सुरुवात हरवून जात होती. मदतीचा म्हणून एक क्रमांक मी कधीतरी फोनमध्ये ठेवला होता, तो लावला. पलीकडून ध्वनिमुद्रित आवाज पर्याय वाचू लागला, यासाठी एक दाबा, त्यासाठी दोन दाबा, आणि चौथा पर्याय येईपर्यंत पहिला कोणता होता ते मी विसरलो होतो. मी फोन ठेवला. त्यानंतर तुला लावला, तोही तुझी निवड करून नव्हे, कारण निवड करण्याइतके त्राण उरलेच नव्हते. संध्याकाळी तू दोनदा फोन केला होतास आणि मी उचलला नव्हता, म्हणून तुझे नाव यादीत सर्वांत वर होते. तू काय झाले असे विचारले नाहीस, समजावले नाहीस, फक्त म्हणालास, "ठेवू नकोस, मी उठून बसतो." दुसऱ्या दिवशी दुपारी तू एस.टी.ने सोलापुरात उतरलास आणि त्यानंतरच्या सकाळी माझ्यासोबत मनोविकारतज्ज्ञांच्या दाराबाहेर बाकावर बसलास. पुढच्या औषधांचे आणि समुपदेशनाचे श्रेय त्या डॉक्टरांचे आहे, पण त्या दारापर्यंत मी एकटा गेलो नसतो.

हे सगळे तुझ्या पहिल्या पानासाठी सांगितले. तिथे मोबाइल क्रमांक, ओटीपी, वय, लिंग, संमतीचा मजकूर आणि मग "आज कसे वाटते आहे?" अशा प्रश्नाखाली पाच चेहरे आहेत. त्या रात्री मी यातील दुसऱ्या पायरीवरच थांबलो असतो. माझे म्हणणे असे की, नोंदणी वगैरे जे काही आहे ते सगळे माणूस बरा असतानाच्या दिवसावर ढकलावे, आणि अ‍ॅप उघडताच समोर एकच मोठे बटण असावे, ज्यावर त्याने बऱ्या दिवशी स्वतः निवडलेल्या माणसाचा फोटो असेल आणि ज्याने थेट त्या माणसाला फोन लागेल. त्याच्या खाली १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक असावा. मानसिक आधाराची ही सरकारी फोनसेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, ती चोवीस तास विनामूल्य आहे आणि अनेक भारतीय भाषांतून बोलते. इतर काहीही त्या पडद्यावर नको. श्वासाचा व्यायाम, सुविचार, निसर्गाची चित्रे, सगळे आत ठेव.

सतराव्या पानावरची "सुरक्षा योजना" मात्र तू अगदी योग्य घेतली आहेस. बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राउन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी आत्महत्येचे विचार येणाऱ्यांसाठी मांडलेली ही पद्धत साधी आहे: धोका वाढत असल्याची स्वतःला कळणारी लक्षणे, एकट्याने करता येतील अशा गोष्टी, मन दुसरीकडे वळवणाऱ्या जागा आणि माणसे, मदत मागता येईल अशी माणसे, डॉक्टर आणि मदतकेंद्रे, आणि शेवटी घरातील धोक्याच्या वस्तू दूर करणे. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत ही योजना लिहून घेऊन नंतर फोनवर पाठपुरावा केला, तेव्हा पुढच्या सहा महिन्यांत आत्मघाती वर्तन सुमारे ४५ टक्क्यांनी कमी आढळले, असा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यातला पाठपुरावा हा शब्द विसरू नकोस. नुसता कागद भरून घेऊन तो परिणाम आला नव्हता. तुझ्या पानात खटकले ते इतकेच की, प्रत्येक रकान्यात तू तयार उत्तरे दिली आहेस आणि माणसाने फक्त खूण करायची आहे. माझी योजना चार घड्या घातलेल्या कागदावर आहे आणि खिशातल्या पाकिटात असते. तिची पहिली ओळ "आंघोळ टाळायला लागलो की" अशी आहे. ती कोणाच्याही तयार यादीत सापडणार नाही, पण ती दिसली की माझ्या बायकोला आणि मला दोघांनाही कळते. शेवटच्या रकान्यात मात्र उदाहरण द्यावेच लागेल, कारण लोकांना ते सुचत नाही: आपल्या जिल्ह्यात शेतीवर फवारणीची औषधे घरातच असतात, ती कुलपात ठेवून किल्ली दुसऱ्याकडे द्यावी, हे स्पष्ट शब्दांत लिही.

आता केंद्रातील एक प्रसंग सांगतो. आमच्याकडे येणाऱ्या अनेक जणी विड्या वळतात. मन, नैराश्य असे शब्द त्या वापरत नाहीत. डोके जड झाले, छातीत धडधडते, "लई इचार येतेत" असे सांगत येतात. तुझ्या प्रश्नावलीतील नैराश्य मोजणारे ते नऊ प्रश्न आमच्याकडेही विचारले जातात, गेल्या दोन आठवड्यांत असे किती वेळा वाटले: अजिबात नाही, काही दिवस, निम्म्याहून अधिक दिवस, की जवळजवळ रोज. साठीच्या एका बाईंना हे विचारले जात होते. त्या मनातल्या मनात तेलुगूत हिशोब करून मराठीत उत्तर देणाऱ्या. "निम्म्याहून अधिक" येथे त्या अडल्या. काम थांबवायला वेळ नसल्यामुळे त्या सूप मांडीवर घेऊनच आल्या होत्या. त्यांनी सुपातल्या चौदा विड्या मोजून जमिनीवर ओळीने मांडल्या आणि एकेक दिवस आठवत, ज्या दिवशी काहीच करावेसे वाटले नाही त्या दिवसाची विडी बाजूला सारू लागल्या. अकरा विड्या बाजूला गेल्या. त्या बराच वेळ त्या ढिगाकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "एवढे दिवस व्हय?" आम्ही काही बोलण्याआधी त्यांचे त्यांनाच दिसले होते.

या प्रश्नावलीचे शब्द आपल्या सोयीने बदलता येत नाहीत, बदलले तर येणाऱ्या गुणांना अर्थ राहत नाही, हे मला आमच्या समुपदेशक ताईंनी बजावून सांगितले आहे आणि तुलाही सांगतो. पण प्रश्न तोच ठेवून उत्तर मोजण्याची रीत सोपी करता येते. तुझ्या पडद्यावर चार वाक्यांऐवजी चौदा ठिपके ठेव, बोटाने सरकवता येतील असे, आणि प्रश्न मराठीबरोबर तेलुगू आणि कन्नडमध्ये ऐकवण्याची सोय कर. नवव्या प्रश्नाचे, म्हणजे मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचाराबद्दलच्या प्रश्नाचे उत्तर "अजिबात नाही" याखेरीज काहीही आले, तर उरलेला कार्यक्रम तिथेच थांबला पाहिजे आणि माणूस समोर आला पाहिजे. तुझ्या आराखड्यात त्यानंतर "धन्यवाद, तुमचा अहवाल तयार होत आहे" असे येते. ते काढून टाक. बाकी काही केले नाहीस तरी एवढे कर.

फोनचेही ऐक. तू प्रत्येकाचा फोन वेगळा धरला आहेस. येथे एका घरात एक फोन, आणि तो बहुधा मुलाकडे किंवा नवऱ्याकडे. "आज तुमचे मन कसे आहे?" ही तुझी सूचना सकाळी सात वाजता सासूच्या हातातल्या फोनवर वाजली, तर त्या सुनेचे काय होईल याचा विचार कर. अ‍ॅपचे नाव आणि चिन्ह साधे, कोणालाही शंका न येणारे असावे, आणि सूचना मागितल्याशिवाय येऊच नयेत. बोलायला जागा नसते, हा तर फारच मोठा प्रश्न आहे. पुढच्या खोलीत माग, मागच्या खोलीत सारे घर. एक बाई मला म्हणाल्या की, त्या मागाशेजारी उभ्या राहूनच माहेरी फोन करतात, कारण त्या खडखडाटात घरातल्या कोणाला काही ऐकू येत नाही. पण मग पलीकडच्यालाही नीट ऐकू जात नाही. अशा बाईला "आता बोला" हे बटण निरुपयोगी आहे. तिला मिस्ड कॉल देऊन आपली वेळ सांगता आली पाहिजे, दुपारी दोन ते तीन, माग बंद असताना. आणि फोन दुसऱ्या कोणी उचलला तर आपल्या माणसाने काय बोलायचे, हेही तिनेच आधी ठरवून दिलेले असावे. आमच्याकडे एकीने "शिवणाच्या क्लासमधून बोलते म्हणा" असे सांगून ठेवले आहे.

आता ज्यावर माझा सर्वांत मोठा आक्षेप आहे तिकडे येतो. अ‍ॅप सलग किती दिवस उघडले ते दाखवणारी साखळी, आणि ती तुटली की मलूल होणारे रोपटे. मानसिक आरोग्याची अ‍ॅप लोक फार लवकर सोडून देतात, म्हणून तुम्ही ती घातलीत हे मला समजते. ९३ अ‍ॅपच्या वापराची मोजदाद करणाऱ्या २०१९ च्या एका अभ्यासात तिसाव्या दिवशी अ‍ॅप उघडणारे शंभरात जेमतेम तीन उरले होते. पण आजारी माणसाची साखळी तुटणारच, तोच तर आजार आहे. जो अंथरुणातून उठू शकत नाही त्याला तू सुकलेले रोप दाखवतो आहेस. त्या दिवसांत आपल्यामुळे सगळ्यांचे नुकसान होते असे मला अखंड वाटत असे, आणि तुझ्या रोपट्याने मला त्याचा पुरावाच दिला असता.

याउलट सॅन फ्रान्सिस्कोतील जेरोम मोटो या मनोविकारतज्ज्ञाने काय केले ते पाहा. रुग्णालयातून घरी गेल्यावर पुढील उपचार नाकारणाऱ्या ८४३ जणांचे त्यांनी चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले आणि एका गटाला पाच वर्षे अधूनमधून लहानशी पत्रे पाठवली. तुमची आठवण आहे, बरे असाल अशी आशा आहे, वाटले तर लिहा, एवढाच आशय. उपचारांना या असा आग्रह नाही, उत्तराची सक्ती नाही. पत्रे मिळालेल्या गटात आत्महत्यांचे प्रमाण कमी राहिले, आणि पहिल्या दोन वर्षांत तो फरक ठळक होता. मला हे वाचून नवल वाटले नाही, कारण तू त्या पावसाळ्यानंतर वर्षभर दर पंधरा दिवसांनी मला कार्ड पाठवत होतास आणि मी एकालाही उत्तर दिले नाही. ती सगळी माझ्या रंगांच्या खणात आहेत. तुझ्या अ‍ॅपला जर काही पाठवायचेच असेल, तर असे काहीतरी पाठव, आणि त्याखाली खऱ्या माणसाचे नाव असू दे.

कायद्याच्या पानाबद्दल थोडक्यात लिहितो. तिथला मजकूर वाचून माणूस घाबरेल. मदत मागितली तर पोलीस केस होईल ही भीती आमच्या वस्तीत आजही आहे. मानसिक आरोग्य काळजी कायदा २०१७ सालचा, तो २९ मे २०१८ पासून लागू आहे, आणि त्याच्या ११५ व्या कलमाप्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे मानले जाते. तसे नव्हते हे सिद्ध झाल्याशिवाय तिच्यावर खटला चालवून शिक्षा करता येत नाही. हे दोन ओळींत, ठळक अक्षरांत पहिल्याच परिच्छेदात घे. आणि लोकांनी सांगितलेले जाहिरातवाल्यांच्या हाती जाणार नाही, याची खात्री तुझ्या भागीदारांकडून लेखी घे. अमेरिकेत २०२३ साली एका ऑनलाइन समुपदेशन कंपनीला नेमक्या याच कारणावरून ७८ लाख डॉलर भरावे लागले. पैशांचे जाऊ दे, ज्यांनी विश्वासाने लिहिले होते त्यांना काय वाटले असेल ते पाहा.

पत्र लांबले. पानांवर पेन्सिलीने केलेल्या खुणा वेगळ्या पाकिटातून पाठवतो आहे. त्यातल्या नवव्या आणि अकराव्या पानाबद्दल मी लिहिलेले समुपदेशक ताईंना दाखवून घेतले आहे, बाकीचे माझे.

फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी ये. त्या विडीवाल्या बाई येणार आहेत, आणखी चौघी-पाच जणीही; त्यांच्या हातात तुझा पडदा देऊन आपण दोघांनी फक्त पाहत बसायचे आहे. येताना नवा फोन आणू नकोस. काच तडकलेला, अर्धी बॅटरी असलेला, तो तुझा जुना घेऊन ये. शनिवारी संध्याकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने निघालास तर रात्री पोहोचशील. मी स्टेशनावर येतो.

तुझाच